दुसरं लेकरू घरात येताना

पहिल्या बाळंतपणाला सगळी गल्ली शिकवायला येते. दुसऱ्या वेळी कुणी काही सांगत नाही. "तुला काय सांगायचं, तुझं तर सगळं बघून झालंय," म्हणतात आणि चहा पिऊन जातात. ते अर्धं खरं आहे. बाळाला छातीशी धरायचं, ढेकर काढायची, अंधारात लंगोट बदलायचा, हे हात विसरत नाहीत. पण घरात एक लेकरू आधीच आहे, त्याचं जेवण, शाळा, झोप, रुसवे चालूच आहेत आणि त्यात आणखी एक येतंय, हे आईबापांना पहिल्यांदाच असतं. त्या हिशेबानं तुम्ही पुन्हा नवखेच.

आमचं घर लातूरला. थोरली साडेतीन वर्षांची असताना, २०२५ च्या वैशाखात, धाकटा झाला. त्या वर्षात जे जमलं आणि जे फसलं त्यातून एक गोष्ट मला पटली. बाळाला घ्यायला दहा हात पुढं येतात. थोरल्या लेकराला आणि बाळंतिणीला मात्र कुणी विचारत नाही. म्हणून घरातली कामं वाटून घेताना आधी या दोघांना एकेक माणूस नेमून द्या. बाळाला सांभाळायला कुणीतरी मिळतंच.

बाळंतपण कुठं, हे सातव्या महिन्याआधी ठरवा

पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, असा आपल्याकडं रिवाज. तो पाळायचा की नाही हे तुमचं तुम्ही बघा, पण दोन प्रश्नांची उत्तरं आधी हवीत. थोरल्याला रात्री कुशीत घेऊन कोण झोपणार? आणि अडचण आली तर ऑपरेशनची आणि रक्ताची सोय असलेला दवाखाना तिथून किती लांब आहे?

दुसरा प्रश्न पहिलं सिझर झालेल्या बायांसाठी तर फारच महत्त्वाचा. एकदा सिझर झालं की दुसऱ्या वेळी कळा सुरू झाल्यावर जुना टाका उसवण्याचा धोका थोडा का होईना असतो. अशी बाई शेवटच्या घटकेला खेड्यातून जीपमध्ये घालून निघाली की वाटेतच वेळ जातो. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र साध्या बाळंतपणाला चांगलं आहे, पण सिझर झालेलं असेल, बीपी वाढत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल तर आधीच डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "आम्ही थेट मोठ्या दवाखान्यातच नाव घालू का?" आपल्या भागात सरकारी मोठी ठिकाणं बरीच आहेत: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यातली जिल्हा आणि स्त्री रुग्णालयं. जननी शिशु सुरक्षा योजनेत सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, तिथं असेपर्यंतचं जेवण, न्यायची-आणायची गाडी, सगळं मोफत आहे. आजारी पडलेल्या बाळाचा एक वर्षापर्यंतचा उपचारही त्यात येतो. गाडीसाठी १०२, जिवावरचा प्रसंग असेल तर १०८. दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घाला, सासऱ्यांच्या बटणाच्या फोनमध्येसुद्धा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी वेगळं सांगते. बीड, धाराशिवकडची कितीतरी जोडपी दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतात आणि बाळंतपण नेमकं फडावर येतं. निघण्याआधी आशाताईंकडून माता व बाल संरक्षण कार्ड पुरं भरून घ्या आणि ते कागदाच्या पुडक्यात न ठेवता प्लॅस्टिकच्या पिशवीत, अंगावरच्या सामानात ठेवा. कार्ड जवळ असलं की कुठल्याही जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रात तपासणी आणि लस मिळते. मूळ गावाला परत यायची गरज नाही. शक्य असेल तर आठव्या महिन्यानंतर फडावर राहू नका. उचल घेतलेली असते आणि मुकादमाशी बोलणं सोपं नसतं, हे मला माहीत आहे. तरी सांगते.

थोरल्याला सांगायचं कसं

पोट दिसायला लागलं की सांगा. फार आधी सांगून उपयोग नाही, कारण तीन-चार वर्षांच्या लेकराला महिने कळत नाहीत. आम्ही थोरलीला तिसऱ्या महिन्यातच सांगून बसलो. ती रोज सकाळी उठून विचारायची, "आज येणार?" सहा महिने हेच. तारीख सांगू नका, तिला ओळखीची खूण सांगा: शाळेला सुट्ट्या लागल्या, आंबे आले, की बाळ येणार.

बाळ तिच्याशी खेळेल असं सांगू नका. येणारं बाळ खेळत नाही. ते झोपतं, रडतं आणि आईला धरून बसतं. तेच सांगा. तिचे स्वतःचे तान्हेपणाचे फोटो दाखवा, ती किती रडायची ते सांगा. आमच्या थोरलीला तिची जुनी कुंची दाखवली तर ती डोक्यात घालून दोन दिवस घरभर फिरली.

आणि एक पथ्य घरातल्या मोठ्यांना सक्तीनं पाळायला लावा. आपल्याकडं लेकरांना चिडवायची फार हौस. "आता तुझे लाड संपले बरं का," "बाळ आलं की तुला मामाकडं धाडून देणार," "आई आता बाळाची." बोलणाऱ्याला गंमत वाटते, लेकराला रात्री झोप लागत नाही. आमच्या शेजारच्या एका आजोबांनी हे चालवलं होतं. त्यांना दोनदा हसून सांगितलं, तिसऱ्यांदा ह्यांनी जरा कडक आवाजात सांगितलं. आजोबा चार दिवस बोलले नाहीत. चालतंय.

थोरल्याच्या आयुष्यातले मोठे बदल बाळाच्या आसपास आणू नका. अंगावरचं तोडायचं असेल, वेगळं अंथरूण करायचं असेल, बालवाडी सुरू करायची असेल, चड्डीत शी-शू बंद करायची असेल, तर ते निदान दोन-तीन महिने आधी करा, नाहीतर बाळ आल्यावर दोन-तीन महिन्यांनी. नेमकं त्याच आठवड्यात केलं तर लेकरू म्हणतं, बाळानंच मला बाहेर काढलं. आणि बाळंतपणाच्या रात्री ज्याच्याजवळ झोपणार, त्याच्याजवळ आधीपासून आठवड्यातून एक-दोन रात्री झोपवा. आमच्याकडं सासूबाई गोष्ट सांगता सांगता स्वतःच आधी झोपायच्या, तरी चाललं. दवाखान्याच्या तीन रात्री ती रडली नाही.

पाणी, लंगोट, खोली

आपल्याकडं ही तयारी म्हणजे आधी पाण्याची तयारी. नळ आठवड्यातून एकदा येणाऱ्या घरात तान्हं बाळ म्हणजे रोजचे पंधरा-वीस लंगोट, दुपटी, बाळंतिणीचे कपडे आणि थोरल्याचा शाळेचा ड्रेस. माझ्या जाऊबाईंचं बाळंतपण २०१६ च्या उन्हाळ्यात झालं. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं तो उन्हाळा. त्यांनी लंगोट धुतलेलं पाणी मोरीत, मोरीतलं पाणी संडासात, असा हिशोब ठेवला होता. तेव्हापासून आमच्या घरात बाळंतपण म्हटलं की आधी एक जास्तीची टाकी येते. डायपरला नाकं मुरडू नका. रात्री आणि बाहेर जाताना डायपर, दिवसा सुती लंगोट, हे पाण्यालाही परवडतं आणि बाळाच्या कातडीलाही. लंगोट कडक उन्हात वाळवा. तेवढं ऊन आपल्याकडं फुकट आहे.

दवाखान्याची पिशवी आठव्या महिन्यात भरून दाराजवळ ठेवा: कार्ड, आधी काढलेले रिपोर्ट, दोघांची आधार कार्डं, बँक पासबुकाची झेरॉक्स, समोरून उघडणारे गाऊन, मऊ जुन्या साडीची धुतलेली दुपटी, पॅड, चार्जर. पिशवीच्या तळाशी थोरल्यासाठी एक छोटी वस्तू. ती कशाला ते पुढं येईल.

लाडवाचं सामान घरातल्या बाया बघतीलच. खारीक, खोबरं, डिंक, हळीव. तुम्ही त्यात पडू नका. फक्त उन्हाळ्यातलं बाळंतपण असेल तर लाडू दोन टप्प्यांत करा म्हणावं, खोबरं खवट होतं.

दवाखान्यातले दिवस

पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्या. सिझर झालं तरी नर्सला सांगून जवळ धरायला लावा. पहिलं घट्ट पिवळसर दूध, चीक, अजूनही काही घरांत पिळून टाकतात. टाकू नका, बाळाचं पहिलं संरक्षण तेच. मध चाटवायचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून विषबाधा होऊ शकते आणि ती जिवावर बेतते. गुटी नाही, साखरपाणी नाही, सहा महिने साधं पाणीसुद्धा नाही. लातुरात पारा चाळिशीच्या वर गेला तरी नाही, कारण आईच्या दुधात पाणी असतंच. बाळाला तहान लागली असं वाटलं तर पाजा. दुसऱ्या वेळी दूध लवकर उतरतं, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि आजी घाबरतात. दहा टक्क्यांपर्यंत उतरणं चालतं. दहा-चौदा दिवसांत ते भरून येतं.

जन्मतःच्या तीन लसी दवाखान्यातच होतात: बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि काविळीची म्हणजे हिपॅटायटिस बीची पहिली मात्रा. ही तिसरी २४ तासांच्या आत हवी. कार्डावर तिन्हींची खूण पाहूनच निघा.

आता ज्याच्यावर आम्ही दोन महिने घालवले ते. दवाखान्यात जन्माच्या नोंदीचा फॉर्म भरून घेतात. धाकटा पहाटे झाला, फॉर्म ह्यांनी झोपेत काउंटरवर उभ्याउभ्या भरला आणि आईच्या नावाच्या जागी माझं सासरचं, घरात हाक मारायचं नाव लिहिलं. माझ्या आधारवर, पॅनवर, बँकेत सगळीकडं माहेरचं नाव आहे. दाखला हातात आला तेव्हा त्यावर एक अशी बाई होती जिची कुठंच ओळखपत्रं नाहीत. मग प्रतिज्ञापत्र, अर्ज, हेलपाटे. तुम्ही असं करा: आईबापांची नावं आधारवर आहेत तशी, वेलांटीसकट, एका चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवा आणि फॉर्म भरणाऱ्याच्या हातात ती चिठ्ठी द्या. बाळाचं नाव ठरलं नसेल तर तो रकाना रिकामा ठेवता येतो. नाव वर्षभरात फी न भरता घालता येतं.

घरी येताना

दारात भाकरतुकडा ओवाळतील. त्या वेळी बाळ आईच्या कडेवर नको. आत्याच्या, आजीच्या, कुणाच्याही हातात द्या आणि आईनं रिकाम्या हातांनी आत यावं, म्हणजे थोरल्याला मिठी मारता येते. आमची थोरली दाराआड उभी होती. मी खाली वाकू शकत नव्हते, टाके दुखत होते, तर उंबऱ्यावरच बसले. ती आली, मांडीत बसली, बाळाकडं बघितलंसुद्धा नाही. दहा मिनिटांनी म्हणाली, "त्याला माझी वाकळ नको द्यायची." नाही दिली. पिशवीच्या तळातली वस्तू तेव्हा काढली, रंगीत खडूंची पेटी. "बाळानं आणली" असलं काही सांगायची गरज नाही, लेकरं तेवढी बावळट नसतात. आई म्हणाली, मी तुझ्यासाठी आणलं, पुरे.

पुढचे पंधरा दिवस येणारे-जाणारे बाळासाठी झबली, टोपडी, बाबासूट घेऊन येतात आणि थोरलं दारात उभं राहून बघतं. ह्यांनी एक युक्ती केली. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दारातच सांगायचे, "आधी ताईला भेटा, बाळ दाखवायचं काम तिच्याकडं आहे." ती हात धुवायला लावायची, मग पडदा बाजूला करायची. हात धुवायचं काम तिच्याकडं दिल्यामुळं ते खरंच झालं. मोठ्या माणसाला आपण बोलू शकत नाही, पण साडेतीन वर्षांची पोर "हात दाखवा" म्हणाली की सासऱ्यांचे मित्रही मोरीकडं जातात.

दोघांना एका खोलीत एकटं सोडू नका, एक मिनिटसुद्धा. तिसऱ्या आठवड्यात मी मोरीत होते, बाहेर येऊन बघते तर थोरली बाजेवर चढलेली आणि बोटांत एक फुटाणा, बाळाच्या ओठांपाशी. "त्याला भूक लागली होती." तिनं काही वाईट केलं नव्हतं, स्वतःच्या वाटीतला एकुलता एक उरलेला फुटाणा ती देत होती. माझे पाय गळाले. त्या दिवसापासून शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, मणी त्या खोलीच्या बाहेर.

शेक-शेगडी, न्हाऊ-माखू

इथं घरोघरी भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर.

न्हाऊ घालायला येणारी मावशी हा आपल्याकडचा मोठा आधार. बाळंतिणीची पाठ रगडून घ्या, तेवढं सुख दुसरं नाही. बाळाला मात्र पहिले २४ तास अंघोळ नको आणि जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. मालीश हलक्या हातानं. बाळाच्या नाकात, कानात तेल घालायचं नाही, नाक ओढून सरळ करायचं नाही, छाती पिळून "दूध काढायचं" नाही. डोळ्यांत काजळ नाही. मावशीला हे पहिल्याच दिवशी गोडीत सांगा, चौथ्या दिवशी सांगितलं तर राग येतो. नाळेला हळद, तेल, राख काही लावू नका. कोरडी ठेवली की साधारण आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप गळते.

शेगडी. थंडीतलं बाळंतपण असेल तर बाळंतिणीला शेक बरा वाटतो. पण गोवऱ्यांचा धूर बंद खोलीत कोंडला तर तो बाळाच्या छातीत जातो. ओवा-बाळंतशेपाची धुरी द्यायचीच असेल तर बाळाला बाहेर न्या आणि खिडकी उघडी ठेवा. वैशाखात शेगडीचं नावही नको. आमच्याकडं सासूबाईंनी सहाव्या दिवशी बाळाला झबलं, कुंची, मोजे आणि वर दुपटं अशी चार थरांची तयारी केली. दुपारी बाळ लालबुंद, अंग तापलेलं, पाजायला घेतलं तर तोंड फिरवतंय. डॉक्टरांनी बघितलं, कपडे काढायला लावले, पंखा लावला, पाजायला सांगितलं. तासाभरात अंग निवलं. उन्हाळ्यात बाळाला एक सुती झबलं पुरतं. मानेला मागून हात लावून बघा, घाम असेल तर कपडे जास्त झाले. कूलर चालतो, त्याचा झोत थेट अंगावर नको. खिडकीला वाळ्याचा पडदा भिजवून लावला की खोली गार राहते आणि वासही छान येतो.

मात्र ताप म्हणजे नुसती गरमी समजून घरी बसू नका. कपडे कमी करूनही अंग तापलेलं राहिलं किंवा बाळ गार पडलं, पाजायला घेत नाही, मलूल पडून आहे, मिनिटाला साठपेक्षा जास्त श्वास घेतंय, छाती आत ओढली जाते, झटका आला, नाळेभोवती लाली किंवा पू दिसला, पहिल्याच दिवशी पिवळं पडलं किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचला, तर त्याच घडीला दवाखाना. काविळीला कोवळं ऊन हा उपचार नाही. आशाताई घरी येतात तेव्हा त्या हेच तपासतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. त्यांना दारातून पाणी पाजून परत पाठवू नका, बाळ उघडं करून दाखवा.

पाचवी आणि बारसं

पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहिते म्हणतात, म्हणून वही-पेन ठेवतात. आमच्या थोरलीनं त्या वहीत आधीच एक मांजर काढून ठेवलं होतं. सोयर दहा दिवसांचं, त्यात फारसं कुणी येत नाही. त्याचा कंटाळा करू नका, बाळंतिणीला मिळणारी खरी विश्रांती तीच.

बारसं बाराव्या दिवशीच पाहिजे असा हट्ट नको. बाळाला, बाईला बरं नसेल तर सव्वा महिन्यानं करा, घुगऱ्या तेव्हाही तितक्याच चांगल्या लागतात. नाव आत्यानं कानात सांगायचं, तो तिचा मान. तिचं झाल्यावर थोरलीलाही कानात सांगू द्या. आमच्याकडं थोरलीनं "कुर्रर्र" इतक्या जोरात केलं की बाळ दचकून रडलं आणि पाळण्याची दोरी तशीच राहिली. नंतर आठवडाभर ती येईल त्याला सांगायची, नाव मी ठेवलं. आत्यानं मोठ्या मनानं ते चालवून घेतलं.

बाळंतिणीचं

सासरी बाळंतपण म्हटलं की बाई आठव्या दिवशी ओट्यापाशी उभी दिसते. कुणी सांगत नाही, तीच उठते, कारण थोरल्याच्या डब्याची वेळ झालेली असते. म्हणून डबा कोण करणार हे आठव्या महिन्यातच ठरवा. आमच्याकडं ह्यांच्याकडं आला. पहिले पंधरा दिवस रोज पोहे होते. पोर जगली.

खायला जवारीची भाकर, येसरची आमटी, शेपू, मेथी, पातळ वरण, तूप, जे घरात शिजतं ते पोटभर. जुन्या पिढीतल्या बाया बाळंतिणीला पाणी कमी देतात, पोट सुटतं म्हणून. हे ऐकू नका, पाजायला बसताना शेजारी तांब्या ठेवा. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या अर्ध्यावर सुटतात. एका तासात पॅड पूर्ण भिजतंय, घाण वास येतोय, ताप आहे, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी येतेय, एका पायाला सूज आहे, छातीला लाल कडक गाठ आलीय, यात थांबायचं नाही. आणि दोन आठवडे उलटूनही सारखं रडू येत असेल, बाळाकडं बघवत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते नाटक नाही, आजार आहे. टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर १४४१६ आहे, फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

पुढचं मूल नको असेल किंवा लांबवायचं असेल तर निर्णय नवव्या महिन्यातच घ्या. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत कॉपर-टी बसवता येते. अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आणि पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते, टाकाही लागत नाही. आपल्या भागात हे बोललं की पुरुषांना अचानक शेतात काम आठवतं.

कागदं आणि पैसे

जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत. महापालिका, नगरपालिका किंवा गावात ग्रामपंचायत, जिथं जन्म झाला तिथं. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, नंतर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, एक वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडं जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, म्हणून एक नाही, तीन-चार प्रती काढा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांचं नाव कागदावर बाळ, आई, वडील, आडनाव अशा क्रमानं येतं, हे शाळेच्या अर्जातही लक्षात ठेवा. मग आधार (पाच वर्षांच्या आत बोटांचे ठसे घेत नाहीत) आणि रेशनकार्डावर नाव.

दुसरी मुलगी झाली तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ६,००० रुपये एकरकमी मिळतात, अर्ज बाळ झाल्यापासून २७० दिवसांत. दुसरा मुलगा असेल तर काही नाही. आम्हाला काही नाही मिळालं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ नंतरची असेल तर लेक लाडकी योजना: जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. दोन्हींचे अर्ज अंगणवाडीताईंकडं. बँक खातं आईच्या आधारला जोडलेलं आहे का ते आधी तपासा, पैसे बहुतेक तिथंच अडकतात.

सव्वा महिन्यानंतर

पाहुणे ओसरतात, मावशी यायची थांबते आणि थोरल्याचं खरं वागणं तेव्हा सुरू होतं. वर्षभर कोरडं झोपणारं लेकरू पुन्हा अंथरूण ओलं करतं, बोबडं बोलतं, "मला पण पाज" म्हणतं. रागवायचं नाही, "एवढी मोठी झालीस" म्हणायचं नाही. आमची थोरली दुपट्यात गुंडाळून घ्यायची आणि झोळीत झोपायला मागायची. दोन दिवस झोपवलं, तिसऱ्या दिवशी पाय बाहेर लटकले आणि तिलाच कंटाळा आला. रोज वीस मिनिटं तिची एकटीची ठेवा, बाळ दुसऱ्याकडं देऊन. वेळ ठरलेली हवी. आमची संध्याकाळी दिवे लावल्यावरची होती.

लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या: पोलिओ, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकच लस), रोटा (जुलाबाची), आणि सहाव्या-चौदाव्याला न्यूमोनियाची पीसीव्ही व पोलिओचं इंजेक्शन. पेंटाव्हॅलंटनं एक-दोन दिवस ताप, पायाला सूज येते. पॅरासिटामॉलचे थेंब वजनाप्रमाणं किती द्यायचे ते नर्सकडून लिहूनच घ्या. टोचलेल्या जागी शेक नको, चोळायचं नाही. बीसीजीची पुळी काही आठवड्यांनी येते आणि फुटते, तिला औषध लावायचं नाही.

डोसच्या दिवशी थोरल्याचं काय, हे आदल्या रात्री ठरवा. आमचा चौदा आठवड्यांचा डोस पोळ्याच्या आदल्या दिवशी आला आणि थोरलीला शाळेत मातीचे बैल न्यायचे होते. हे तिच्याबरोबर ओसरीवर बैल रंगवत बसले, एकाची शिंगं तुटली तर ती पिठानं जोडली. मी आणि सासूबाई बाळाला घेऊन रिक्षानं गेलो.